आक्काच्या ताटातला गहू

मी खुनशी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा ठेवणार नाही. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, सोसायटीतल्या बायका मला शांत बाई समजतात. समजू देत. कोपरखैरण्याच्या घरात मी विशीत असताना जे केलं ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही आणि मुलीलाही नाही. आता सांगते, कारण ज्यांना लागलं असतं ती माणसं राहिली नाहीत, आणि माझं डोकं अजून शाबूत आहे तोवर ते माझ्याच तोंडून आलेलं बरं.

आमचं घर म्हणजे एका ओळीतली तीन बैठी घरं, मधल्या भिंतींना दारं पाडून एक केलेली. पहिल्यात थोरले आप्पा, मधल्यात आम्ही, शेवटच्यात धाकटा बाळूकाका. तीन भाऊ, तीन जावा, आठ पोरं आणि या सगळ्यांच्या डोक्यावर आक्का. आक्का म्हणजे माझी आत्या, तिघा भावांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माघारी आली ती कायमचीच. आईबाप लवकर गेल्यावर साताऱ्याकडच्या आमच्या गावात तिनंच तिघा भावांना मोठं केलं, आणि भाऊ नोकरीसाठी इकडं आले तशी तीही आली. त्यामुळं घरात शब्द तिचा. माझे वडील, अण्णा, तुर्भ्याच्या कारखान्यात चांगले चार्जमन होते, हाताखाली वीस माणसं होती, पण आक्का बोलायला लागली की बूट शोधायला लागायचे.

स्वयंपाक तिन्ही घरांचा एकत्र, मधल्या घरात. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग पोळपाटावर लाटणं फिरल्याचा, मग तव्यावर चपाती फुगली की आक्काचा समाधानाचा हुंकार. रोज साठ-सत्तर चपात्या. भाकरी आमच्याकडं आठवड्यातून एकदासुद्धा होत नसे, आणि याचा आक्काला केवढा अभिमान! तिच्या लहानपणी गहू घरात यायचा तो सणाला आणि पाहुण्याला, आणि तोही पुरुषांच्या ताटात जायचा. बायकांनी पुरण वाटायचं आणि ज्वारीची भाकरी खायची. म्हणून इथं आल्यावर आक्कानं ठरवून टाकलं की आपल्या घरात आता पोरासोरांपासून बायकांपर्यंत सगळी गहूच खाणार. दुपारी ती दारात सूप घेऊन बसायची, गहू निवडायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला ऐकवायची की आमच्याकडं भाकरी फक्त आजारी माणूस मागतो. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याबद्दल तिला मी माफ करावं असं लोकांना वाटेल. पण पुढचं ऐका.

माझी आई जावळीकडची. डोंगरातलं गाव, नाचणी आणि भात खाणारी माणसं. आक्का तिला कायम 'नाचणीच्या मुलखातली' म्हणायची. आई नणंदेला वन्सं म्हणायची आणि उलट शब्द बोलायची नाही. माझ्या पाठीवर विजू, आणि माझ्यानंतर अकरा वर्षांनी झालेली मनू. मनू दोन वर्षांची होईस्तोवर बरी होती, मग जी खंगायला लागली ती खंगतच गेली. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, सारखे जुलाब, चेहरा पांढराफटक. नऊ वर्षांची झाली तरी सहाची दिसायची. गल्लीतल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, टॉनिक दिलं, पुन्हा जंताचं दिलं. आणि गंमत म्हणजे मे महिन्यात आई तिला घेऊन जावळीला गेली की महिनाभरात पोरगी हसायला-खेळायला लागायची, गालावर रंग यायचा. जूनमध्ये परत आली की पंधरा दिवसांत पुन्हा आडवी.

ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली, पण तिचा अर्थ लावला तो आक्कानं. शेजारच्या चार बायका दारात बसलेल्या असताना, आई आत भांडी घासत असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "म्हायेरी गेली की पोरगी टवटवीत, आन् हितं आली की आडवी. पोरीच्या तोंडात आईच कायतरी घालती. तिला म्हायेर सुटंना."

आई बाहेर आली नाही. घासलेलीच परात पुन्हा घासत बसली. त्या दिवसापासून आक्कानं मनूचं ताट आपल्याकडं घेतलं. आईनं मनूला वाढायचं नाही, भरवायचं नाही, तिच्या दुधाला हात लावायचा नाही. अण्णा म्हणाले, जाऊ दे, आक्काच्या मनासारखं होऊ दे थोडे दिवस. ते थोडे दिवस दोन वर्षं चालले. मी माझ्या आईला स्वतःच्या पोरीच्या ताटाकडं लांबून बघताना दोन वर्षं पाहिलंय. गल्लीतल्या बायका आईशी बोलताना आपली पोरं पदराआड घ्यायच्या, तेही पाहिलंय. माझ्यात जे काही खुनशी आहे ते तिथं भरलं गेलं.

आणि आक्का मनूला काय घालायची? गहू. तीन-तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा, खाली बसलेला चीक शिजवून दूध-गूळ घालून वाटी वाटी पाजायचा. सकाळी चीक, दुपारी तुपाची चपाती कुस्करून, संध्याकाळी लापशी. पोरगी तोंड फिरवायची, तर आक्का मांडीवर घेऊन, गोंजारून, गोष्टी सांगून भरवायची. प्रेमानं भरवायची, हे मी नाकारत नाही. मनू जितकी वाळत गेली तितका गहू वाढत गेला.

एक दिवस मनू शाळेत चक्कर येऊन पडली आणि शाळेनंच वाशीच्या एका मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. आक्काचे पाय सुजले होते म्हणून ती आली नाही, ते बरंच झालं. डॉक्टरीणबाईंनी मनूला पाहिलं, आणि मग आईकडं वळून विचारलं की हिला कधी बरं वाटतं का? कुठं? तिथं काय खाते? दोन वर्षांत मनूबद्दल आईला कुणी प्रश्न विचारला नव्हता. आई बोलायला लागली आणि थांबेचना. नाचणी, भात, वरीचा भात, उन्हाळ्यात फणस. बाई लिहून घेत होत्या. मग रक्त तपासायला गेलं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, आणि नाव कळलं: सिलिॲक. गव्हातल्या चिकटपणामुळं हिचं आतडं झिजतंय. औषध काही नाही, फक्त गहू आयुष्यात पुन्हा तोंडात जायला नको. आज मॉलमध्ये या आजारासाठीची खोकेच्या खोके बिस्किटं मिळतात. तेव्हा ते नाव उच्चारायला मला आठवडा लागला.

मला वाटलं, आता आक्का आईचे पाय धरेल. कसलं काय! आक्का म्हणाली, गव्हानं कुणी आजारी पडतं व्हय? आणि मी सांगितलं की हा आजार रक्तातून येतो, तर लगेच तिचा चेहरा उजळला. "मग बराबर हाय. जावळीचं रक्त. आमच्यात कुणाला गहू बाधलाय आजवर?" झालं. आई विष घालत नव्हती, तर आता तिचं रक्तच विषारी. दोन दिवसांत ते गल्लीभर झालं.

त्या क्षणी मी ठरवलं की आक्काच्या दंडात सुई घालायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आईवडील आणि भावंडांचं रक्त तपासलंच पाहिजे. आणि मुंबईला या आजाराचा अभ्यास करणारे एक डॉक्टर आहेत, घरातल्या बाकीच्यांची इच्छा असेल तर ते सगळ्यांचं तपासतील, फुकट. मी घरी येऊन सांगितलं की सगळ्यांना तपासायलाच लागेल, नाहीतर बाकीच्या पोरांचंही मनूसारखं होईल. 'इच्छा असेल तर' हे शब्द मी वाशीलाच ठेवून आले. पोरांचं नाव काढल्यावर आप्पाही हलले आणि बाळूकाकाही. आक्काचं तोंड तेवढं बारीक झालं.

मला तेव्हा नुसता सूड हवा होता, तिच्यात काही निघेल असं खरं तर वाटलं नव्हतं. ते वाटलं नंतर. मुंबईचे डॉक्टर रक्त घ्यायला अडीच महिन्यांनी वाशीला येणार होते. तोवर प्रत्येकानं नेहमीसारखा गहू खात राहायचा, सोडला तर आजार रक्तात दिसत नाही, अशी सूचनेची चिठ्ठी होती. ती मी जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी आक्कानं देवापुढं नारळ ठेवला आणि गावच्या देवीला नवस बोलली, की मनू बरी होईस्तोवर मी गव्हाचा कण तोंडात घालणार न्हाय. अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं. दोन्ही काकू पाया पडल्या. मी मात्र तिच्याकडं बघतच राहिले. जन्मभर तिला तोंडात फोड यायचे, पोटात वारा धरायचा, पाय सुजायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते वयाचं, वाताचं, वैधव्यातल्या उपासांचं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. तिनं नाही सोडलं. मी चिठ्ठी वाचत असताना तिनं मनात हिशोब घातला होता. आता ती वरी, साबुदाणा आणि राजगिरा खायला लागली, आणि महिन्याभरात तोंडातले फोड गेले, पाय उतरले, बाई जिना चढून गच्चीवर पापड घालायला जायला लागली. सगळे म्हणाले, नवसाचं तेज आलंय. मी म्हणत होते, थांब.

रक्त द्यायच्या दिवशी बाळूकाकानं कळंबोलीहून लोखंड वाहायचा टेम्पो आणला. मागं सतरंजी टाकून पंधरा माणसं बसली. खरं तर काकूंची गरज नव्हती, पण थोरली काकू म्हणाली, सगळ्यांचं घेताय आणि माझंच का नको, मी काय परकी आहे? आणि रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी, हे कुणीही न सांगता सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, त्यामुळं पोरं भुकेनं कळवळत होती. लॅबमध्ये पोचेपर्यंत दोन पोरं ओकली, आणि सुई बघून पहिला कोण पडला असेल तर बाळूकाका, सहा फुटी गडी, घाटातून ट्रक उतरवणारा. लॅबवाला एकेकाचं नाव विचारून नळीवर चिकटवत होता. आईनं डोळे मिटून हात पुढं केला. आक्कानं पदर सरळ केला, हात टेबलावर ठेवला आणि सुई जाताना माझ्याकडं बघून चक्क हसली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. चौदाच्या चौदा मोठी-लहान माणसं स्वच्छ. आईसुद्धा. अण्णासुद्धा. आक्कासुद्धा. आईचं रक्त चांगलं निघालं म्हणून मी नाचायला हवं होतं, पण आक्कानं तेही करू दिलं नाही. ती शांतपणे म्हणाली की आमचं तर कुणाचंच न्हाय निघालं, आता हिच्या म्हायेरच्यांचं तपासा, तितं घावंल. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी एकटी वाशीला गेले. डॉक्टरीणबाईंना नवसाचं सांगितलं, फोडांचं सांगितलं, सुजेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग हा रिपोर्ट धरता येणार नाही. गहू पुन्हा सुरू करून दीड-दोन महिन्यांनी तपासावं लागेल. पण हे घरच्या घरी करू नका, त्यांना त्रास होईल, आधी इथं घेऊन या, मी बघते कसं करायचं ते. मी मान हलवली. त्यातलंही अर्धंच मी घरी नेलं, आणि तेही कुणाला सांगितलं नाही.

मनू तोवर सुधारली होती. गाल आले होते, दोन बोटं उंची वाढली होती, लगोरी खेळत होती. एका रविवारी सगळी जेवायला बसली असताना मी म्हटलं, आक्का, मनू बरी झाली, देवीनं ऐकलं. आता नवस फेडायला हवा, उगाच तिला ताटकळत ठेवायला नको. अण्णा म्हणाले, खरंच की. आप्पा म्हणाले, पुरणपोळीचा नैवेद्य करा. नवस बोललेल्या बाईनं पहिला घास खायचा असतो, आणि नवस फेडायचा तो जे सोडलं तेच खाऊन. हे नियम मी नाही केले, आक्कानंच आम्हाला शिकवले होते. पोळ्या मी केल्या. तेवढी मऊ पोळी मी आयुष्यात पुन्हा केली नाही. देवीला दाखवून झाल्यावर तुपात भिजवून पहिली पोळी मी आक्काच्या ताटात वाढली. सगळं घर बघत होतं. आक्कानं पोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. नाही म्हणावं तर नवस खोटा होता हे कबूल करायचं. तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं. तिनं घास मोडला आणि खाल्ला. मी दुसरी वाढली.

नंतरचे सहा आठवडे आक्काचं ताट मीच वाढलं. कॉलेज बुडवलं, पण तिची चपाती चुकवली नाही. गरम, तूप लावून, अगदी आग्रहानं. तुमचा नवस फिटला आक्का, आता कसली अडचण, असं म्हणत. पहिल्या आठवड्यात फोड परत आले. मग पोट. मग पाय असे सुजले की चप्पल चढेना. मोरीकडं जाताना भिंतीला धरून जायची आणि दार लावून बराच वेळ आत बसायची. घरातले म्हणाले, नवसाचा शीण आता बाहेर पडतोय, धड खायला घाला तिला. मी घालत होते. आई बघत होती. एकदा तिनं हळूच विचारलं, कुंदे, वन्संना नाचणीची भाकरी टाकू का? मी म्हटलं, तू यात पडू नकोस. मला वाटलं आईला काही कळलेलं नाही. तिच्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

मग मी घरात सांगितलं की नवसामुळं आक्काची तपासणी पुन्हा करायची आहे. आक्का नाही म्हणाली नाही. आम्ही दोघीच बसनं गेलो. बसमध्ये तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं होतं. ती बोलली ते एवढंच, "तुजं समाधान हुं दे एकदा." रिपोर्ट आला तेव्हा मी घरी पोचेपर्यंतही थांबले नाही, लॅबच्या पायरीवरच उघडला. होता. मनूच्या रिपोर्टवर जे होतं तेच, आक्काच्या नावाखाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. रात्रीच्या जेवणापर्यंतसुद्धा दम धरला नाही. सातला अण्णा आणि काका आले तशी सगळ्यांना मधल्या घरात बोलावलं, शेजारच्या त्या चौघींनाही बोलावलं, आणि रिपोर्ट मोठ्यानं वाचला. हे रक्तातून येतं, म्हटलं. मनूला कुणाकडून आलं ते आता बघा. अण्णा खाली बघत होते. आक्का भिंतीला टेकून बसली होती, चेहरा मातीच्या रंगाचा झालेला. तिनं आईला हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा नावानं. म्हणाली, "सुमन, रक्त आमचंच निगालं. जावळीचं न्हवं. म्या तुला नको ते बोलले." मग शेजारणींकडं वळून म्हणाली, "ऐकलंसा न्हवं? मग हेबी गल्लीत सांगा."

यासाठीच मी एवढं केलं होतं. आता आई रडेल, मला जवळ घेईल, असं मला वाटत होतं. आई उठली, आत गेली आणि नाचणीचं पीठ काढलं. मी तिच्या मागं गेले. ती परातीत कढत पाणी ओतत होती. माझ्याकडं न बघताच विचारलं, वन्संना गहू बाधतोय हे तुला कधीपासून ठाऊक होतं? मी म्हटलं, नवसापासून. म्हणजे पोळी वाढलीस तेव्हा ठाऊक होतं. मी म्हटलं, हो, तिनं नाही का मनूला दोन वर्षं घातला? तुला नाही का तिनं—

आईनं पीठ मळायचं थांबवलं. "त्यांनी न कळता घातला, कुंदे," ती म्हणाली. "तू कळून घातलास."

मग तिनं भाकरी थापली, भाजली, दुधात कुस्करली आणि वाटी घेऊन बाहेर गेली. मी दारातून बघितलं. आई आक्काच्या शेजारी बसली आणि तिला भरवायला लागली, आणि आक्का लहान पोरासारखी तोंड उघडत होती. त्यानंतर आक्का आणखी अकरा वर्षं जगली. चांगली जगली, आईच्या हातची भाकरी खाऊन. दोघी संध्याकाळी दारात बसून पोरांचं कौतुक करायच्या. आक्का शेवटची आजारी होती तेव्हा तिला आईशिवाय कुणी चालत नव्हतं, आणि माझ्याकडं बघून ती एकदाही वाकडं बोलली नाही. आईनं ती गोष्ट ना अण्णांना सांगितली ना आक्कापाशी काढली. मलाही पुन्हा कधी त्यावरून बोलली नाही. फक्त लग्नानंतर मी माहेरपणाला गेले की म्हणायची, तू बस, मी वाढते.

लोक विचारतील, वाईट वाटतं का? वाटतं. आईला कळलं, याचं वाटतं. घातला, याचं नाही.